जुन्या पीसीत माऊस हलवला की मोडेम का अडकतो?

तुम्ही लिहिलंय की पेन्टियममध्ये आतलं मोडेम कार्ड (टेलिफोनच्या लाइनवरून पीसीला बाहेर जोडणारं) बसवून ते कॉम-३ वर, म्हणजे तिसऱ्या सीरियल पोर्टवर (बिट एकामागोमाग एक नेणारी जोडणी), ठेवलं, नंबरही लागतो, पण माऊस हलवला की सगळं गोठतं. टेलिफोनची लाइन खराब असेल का? लाइनला उगाच दोष देऊ नका, भांडण डब्याच्या आत आहे.

बाहेरचा मोडेम मागच्या सीरियल पोर्टला लागतो. आतल्या कार्डावर मोडेमसोबत स्वतःचा सीरियल पोर्टही असतो, मागे दिसत नाही एवढंच. प्रोसेसर ज्याने पोर्ट ओळखतो ते पत्ते प्रत्येकाचे वेगळे: कॉम-१ चा ३एफ८, कॉम-३ चा ३ई८. पण इंटरप्ट, म्हणजे ‘बाइट आलाय, घेऊन जा’ ही प्रोसेसरला मारलेली हाक, दोघांचा एकच: ४ नंबरचा. कॉम-२ आणि कॉम-४ चा ३ नंबरचा. जुन्या आयएसए बसवर, म्हणजे कार्डं बसवायच्या जुन्या खाचांच्या वाटेवर, दोन कार्डांना एक इंटरप्ट धड वाटून घेता येत नाही. सीरियल माऊस बहुतेक कॉम-१ वरच असतो, म्हणून तो हलला की मोडेमची हाक हरवते.

उपाय सोपा आहे. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन मदरबोर्डचा दुसरा सीरियल पोर्ट बंद करा आणि कार्डावरचा जम्पर (दोन पिना जोडणारं छोटं टोपण) कॉम-२, इंटरप्ट ३ वर सरकवा. कुठल्या पिनांवर बसवायचा हे बहुधा कार्डावरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. चिमट्याने काढा, बोटांनी काढायला गेलात तर तो उडून कॅबिनेटमध्ये पडतो आणि मग शोधत बसा.

बाहेरचा मोडेम वापरायचा असेल तर पीसीच्या पोर्टची चिप बघा. जुन्या ८२५० चिपमध्ये एकाच बाइटची जागा असते. सेकंदाला १,१५,२०० बिटच्या वेगाला दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवा बाइट येतो, जरा उशीर झाला की आधीचा गेला. १६५५०ए मध्ये १६ बाइट थांबू शकतात.

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुनं कार्ड घ्यायला गेलात तर जम्परवालं आयएसएच मागा. स्वस्तातली बरीच पीसीआय (आयएसएनंतरच्या नव्या खाचेतली) कार्डं विनमोडेम निघतात: मोडेमचं काम प्रोसेसरच्या गळ्यात आणि कॉम पोर्ट ड्रायव्हरने उभा केलेला. डॉसमध्ये बहुतेक मुकीच. मी तरी फुकट दिलं तरी घेणार नाही.

बसवून झालं की विंडोज ९८ मध्ये कंट्रोल पॅनेल, मोडेम्स, डायग्नोस्टिक्स, मोअर इन्फो असं जा. पोर्ट, इंटरप्ट, पत्ता आणि चिप तिथे एकत्र दिसतात. आणि मृगाच्या विजा कडाडायला लागल्या की टेलिफोनची वायर काढून ठेवा. नागपुरात कार्डं अशीच जळतात.