हा शॉट कोण बघतंय?

प्रिय मित्रा,

तुझी पटकथा वाचली. एका माणसाचं आयुष्य त्याच्या नकळत टीव्हीवर चोवीस तास दाखवलं जातंय, या कल्पनेवर आठ मिनिटांचा उपहासपट करायचा विचार मला आवडला. पण पानोपानी ‘छुपा कॅमेरा’ असं लिहिलं आहेस आणि तो कॅमेरा नेमका कुठे बसवलाय, हे एकदाही सांगितलेलं नाहीस. खरी अडचण तिथेच आहे.

आधी ‘द ट्रुमन शो’ (1998) हा चित्रपट पुन्हा बघ. त्यातला ट्रुमनही सीहेवन या स्टुडिओत उभारलेल्या गावात, त्याच्या नकळत, एका अखंड टीव्ही कार्यक्रमाचा नायक असतो. अँड्र्यू निकोलची पटकथा, पीटर वीअरचं दिग्दर्शन, 103 मिनिटं. पहिल्यांदा सलग बघ. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, वहीत तीन रकाने आखून बघ: कार्यक्रमाचा कॅमेरा, चित्रपटाचा कॅमेरा आणि सांगता येत नाही. प्रेक्षकांची घरं आणि नियंत्रण कक्ष दुसऱ्या रकान्यात जातील. सीहेवनमधले बरेचसे शॉट पहिल्या रकान्यात येतील. छायालेखक पीटर बिझिऊने तिथे वाइड लेन्स (रुंद दृश्य टिपणारी), काळवंडलेल्या गोल कडा आणि विचित्र उंचीचे कोन वापरलेत. तिसरा रकाना सर्वांत बोलका आहे. काही शॉट इतके देखणे आहेत की कुठल्याही लपवलेल्या कॅमेऱ्याला ते जमणार नाहीत, आणि तरी आपण ते खपवून घेतो, कारण तोवर त्या जगाची भाषा आपल्या अंगवळणी पडलेली असते. आठ मिनिटांत तुला ही सवलत मिळणार नाही. तू नियम काटेकोरपणे पाळ.

आता आलेख कागद घे. एक चौकोन म्हणजे 25 सेंमी धरून खोलीचा आणि बाहेरच्या रस्त्याचा नकाशा काढ आणि त्यावर फक्त सहा कॅमेरे मांड. भिंतीवरच्या घड्याळात एक, 2 मीटर उंचीवर, कायम स्थिर. आरशामागे एक, डोळ्यांच्या पातळीला. एक बायकोच्या कोटाच्या बटणात, श्वासाबरोबर किंचित हलणारा. एक फ्रिजमध्ये, ज्याला दार उघडल्यावरच काही दिसतं. एक गाडीच्या रेडिओत आणि एक रस्त्यावरच्या दिव्यावर. प्रत्येकापुढे लिही: उंची, लेन्स, वळू शकतो की नाही, माइक आहे की नाही.

फुल-फ्रेम (35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर 18 ते 20 मिमीची लेन्स पुरे. फिशआय (सगळं गोलाकार वाकवणारी लेन्स) वापरू नकोस, नाहीतर माणसाऐवजी लेन्सच बघितली जाते. वाइड लेन्सच्या 60 सेंमीच्या आत चेहरा आला की नाक फुगतं, म्हणून तो शॉट आरशासाठी राखून ठेव. कडा काळवंडायच्या असतील तर ते काम संकलनात कर आणि हात आखडता ठेव. एखाद्या भोकातून बघितल्यासारखा शॉट हवा असेल तर लेन्ससमोर भोक पाडलेला काळा पुठ्ठा धर. एफ 2.8 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं असताना, त्याची कड मऊ, धूसर दिसेल, एफ 11 वर, छिद्र लहान असताना, कापल्यासारखी. मला पहिली पसंत आहे.

सर्वांत जास्त चुका उलट कोनात, म्हणजे समोरच्या बाजूने घेतलेल्या शॉटमध्ये, होतात. घड्याळातून घेतलेल्या शॉटनंतर आरशातून घेतलेला शॉट लावलास, तर त्या दुसऱ्या शॉटमध्ये घड्याळ भिंतीवर दिसलंच पाहिजे. ते नसेल तर प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण विश्वास उडेल.

स्थिर कॅमेरा पुढे सरकत नाही, तो फक्त झूम करतो. 4केमध्ये चित्रित करून 1080मध्ये, म्हणजे निम्म्या रुंदी-उंचीच्या चित्रात, पूर्ण केलंस, तर दुपटीपर्यंतचा झूम संकलनात मिळतो. तो झूम अर्धा सेकंद उशिरा सुरू कर, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या गतीला 12-13 फ्रेम. नियंत्रण कक्षातला माणूस आधी बघतो, मग कळ दाबतो. एवढ्याशा उशिरानं त्या माणसाचं अस्तित्व जाणवतं, तो एकदाही न दिसता.

आवाजाचंही तेच. प्रत्येक जागेची मिनिटभराची शांतता वेगळी ध्वनिमुद्रित कर, फ्रिजच्या घरघरीसकट. संवाद मात्र एकाच माइकवरून घे. कॅमेऱ्यागणिक संवादाचा पोत बदलला की कान थकतात. संगीतालाही मालक हवा. अर्धवट पुलावर ट्रुमनला वडील भेटतात, त्या प्रसंगात कार्यक्रमाचा दिग्दर्शक क्रिस्टॉफ धुकं आवरायला सांगतो, बटणातला कॅमेरा मागतो, मग संगीत चढवायला लावतो. भावना डोळ्यांसमोर बनवली जाते, आणि तरी आपला घसा दाटतो. या चित्रपटातली सर्वांत खोल टीका मला तिथे दिसते. तुझ्या पटकथेत संगीत आपोआप सुरू होतं. ते कुणीतरी सुरू करताना दाखव.

जाहिरात तू एकदाच ठेवली आहेस. तीनदा हवी. पहिल्यांदा इतकी सहज की लक्षातच येऊ नये, दुसऱ्यांदा डब्याचं लेबल लेन्सकडे वळलेलं, तिसऱ्यांदा ऐन भांडणात. ट्रुमनची बायको मेरिल कोको विकते ते नवरा कोसळण्याच्या बेतात असताना, म्हणून तो प्रसंग अंगावर येतो. नटीला सांग, मनापासून विक. तिनं डोळा मिचकावला की प्रसंग गेला. लेबल काल्पनिकच असू दे.

तुझ्या नायकाला दुसऱ्याच मिनिटाला कॅमेरा सापडतो आणि पुढे करायला काही उरत नाही. ट्रुमनसमोर आकाशातून दिवा पडतो, तेव्हा लगेच रेडिओवर विमानाचे भाग पडत असल्याची बातमी येते. प्रत्येक खुणेला असं पांघरूण घाल. दीड, तीन आणि पाच मिनिटांवर खुणा ठेव आणि प्रत्येक पांघरूण आधीच्यापेक्षा तोकडं असू दे. नायक मूर्ख नाही. त्याच्या जवळची माणसं त्याला समजावतात, म्हणून तो मानतो.

टीव्हीसमोरचे प्रेक्षक तू क्रूर रंगवलेस, ते बदल. वीअरचे प्रेक्षक रडतात, जल्लोष करतात आणि कार्यक्रम संपताच पहारेकरी दुसरं काय लागलंय ते विचारतात. त्यांचा जिव्हाळा खरा आहे, म्हणूनच ते भयंकर वाटतं. त्यांचे तीनच शॉट घे, पाच-सहा सेकंदांचे, 50 मिमी लेन्सवर, स्वच्छ चौकटीत. कॅमेरा त्यांच्या टीव्हीच्या जागी ठेव आणि नजर लेन्सच्या किंचित वर लाव.

चित्रणाआधी चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घे, मागून चालत जाणाऱ्याचीही. ‘खरी प्रतिक्रिया मिळेल’ म्हणून कुणाला न सांगता चित्रित करू नकोस. ज्या गोष्टीविरुद्ध तू बोलतो आहेस, तीच तू करत असशील.

नकाशा झाला की पटकथेतल्या प्रत्येक शॉटपुढे एक ते सहापैकी आकडा लिही. प्रेक्षकांच्या शॉटना शून्य. ज्याला आकडाच मिळत नाही तो काढून टाक आणि उरलेलं मला पाठव.

सस्नेह.