काहीच खात नाही, तरी शुगर का वाढते?

"ताई, गोडाला मी हात लावत नाही, दोन वेळचं धड जेवणसुद्धा होत नाही माझं, मग शुगर वाढते कशी?" हे मी दर आठवड्याला ऐकते आणि विचारणारी बहुतेक वेळा पन्नाशी-साठीतली बाई असते. मधुमेहाच्या पेशंटना खाण्यापिण्याचं समुपदेशन करते मी, इथे मुंबईतच. आज ज्या काकूंबद्दल लिहितेय त्या भांडुपच्या, ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

मुलगा सोबत आलेला, वैतागलेला. "मॅडम तुम्हीच सांगा हिला, चोरून खाते ही." काकू मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या. एचबीएवनसी ९.१. हा आकडा साधारण मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा असतो, त्यामुळे तपासणीच्या आधी दोन दिवस पथ्य करून तो खाली येत नाही. मी मुलाला जरा वेळ बाहेर बसायला सांगितलं, कारण एकदा का माणसावर चोरीचा शिक्का बसला की तो खरं सांगायचं बंद करतो, हे मी इतक्या घरांत बघितलंय.

काकूंना वही वगैरे लिहायची सवय नाही, पण दुधाचा हिशोब त्या कॅलेंडरवर लिहितात. मग म्हटलं, त्याच रकान्यात आठवडाभर जे तोंडात जाईल ते वेळेसकट लिहा, मी रागावणार नाही. पुढच्या वेळी पान सुरळी करून घेऊन आल्या. रकाने पुरले नव्हते, बाजूच्या कडेलाही बारीक अक्षरात लिहिलेलं. पहाटे साडेपाचला बिनसाखरेचा चहा आणि दोन टोस्ट, आठला नातवाने टाकलेली अर्धी चपाती, अकराला परत चहा-खारी, दुपारी तीनला "उरलेला भात, आमटीचं पाणी", संध्याकाळी चहा आणि नातीच्या डब्यातले उरलेले पोहे, रात्री दहाला परत "उरलेला भात". सात दिवसांत उरलेला हा शब्द मी अकरा वेळा मोजला. भाजी फक्त दोनदा.

मी विचारलं, काकू तुमचं ताट कधी वाढता? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, "माझं कसलं ताट, सगळ्यांचं झालं की काय असेल ते."

चोरी वगैरे काही नव्हतीच. सुनेला ८.१२ ची लोकल, मुलाची शिफ्ट, नातवंडांची शाळा, सगळ्यांना वाढून होईपर्यंत भाजी, उसळ, मासळी संपलेली असते आणि पातेल्यात राहतो तो भात. तो वाया जाऊ नये म्हणून त्या खातात, उभ्या उभ्या, ओट्यापाशी, आणि त्याला त्या जेवण म्हणतच नाहीत. म्हणून "काहीच खात नाही" हे त्यांच्या मनाने खरंच होतं. टोस्ट, खारी गोड लागत नाही पण मैदाच तो, पोटात गेल्यावर त्याची साखरच होते, आणि ती थोडी थोडी दिवसभर येत राहिली तर शुगरला खाली यायला वेळच मिळत नाही.

भात सोडायचा का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. मालवणी घर आहे, भात सोडा म्हणून सांगितलं असतं तर चार दिवस ऐकलं असतं आणि पाचव्या दिवशी परत पातेल्यातून. म्हटलं भात खा, एक वाटी, पण ताट घेऊन बसून. अर्ध्या ताटात भाजी आणि काकडी-टोमॅटो, पाव भागात मटकीची उसळ, डाळ किंवा बांगडा, उरलेल्या पाव भागात भात नाहीतर चपाती. आणि आधी भाजी-उसळ खायची, भात शेवटी, याने जेवणानंतरची शुगर कमी उसळते. जेवून झाल्यावर चाळीच्या गॅलरीत दहा पंधरा मिनिटं फेऱ्या.

उपासाचं मात्र जास्त बोलावं लागलं. सोमवार, गुरुवार, वर संकष्टी. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात बटाटा, म्हणजे खिचडीच्या दिवशी शुगर चढणार. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, दही, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून. संकष्टीला वेगळीच भीती, चंद्र कधी नऊला कधी दहाला, तोवर पोट रिकामं आणि सकाळची गोळी घेतलेली. त्यांना ग्लिमेपिराइड चालू आहे, ती गोळी पोटात अन्न असो नसो, इन्सुलिन सोडायला लावते. मागच्या संकष्टीला देवळाच्या रांगेत हातपाय थरथरले, घाम फुटला, त्यांना वाटलं अशक्तपणा. अशा वेळी शुगर ७० च्या खाली गेलेली असू शकते, तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची, उपास असला तरी, आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. गोळीचं काय करायचं ते मी नाही सांगत, तुम्हीही स्वतःहून बंद करू नका, आम्ही त्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आणि त्यांनी उपासाच्या दिवसाचं वेगळं लिहून दिलं.

मग मुलाला आणि सुनेला आत बोलावलं आणि कॅलेंडरचं पान समोर ठेवलं. सून बराच वेळ वाचत होती. शेवटी हळूच म्हणाली, "आई, मी निघायच्या आधी तुमची भाजी बाजूला काढून ठेवत जाईन."

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ८ वर आलं. अजून खाली यायला हवं, ते काकूंनाही माहितीये. या वेळचं कॅलेंडर नऊ वर्षांच्या नातीने लिहिलेलं, वाकड्या मोठ्या अक्षरात, रोज एकच ओळ: "आजीचं ताट, १२.४५, बसून."