सव्वा महिना तिथेच राहा

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात तू विचारलंस, "काकू, मी तिथे जाऊन करू तरी काय? तिची आई आहे, मावशी आहे. मला कोण बाळाला हात लावू देणार?" तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मग रात्रभर डोळा लागला नाही.

डोहाळजेवण झालं, ती साताऱ्याला माहेरी गेली, तू चाकणच्या शिफ्टला. सगळ्यांनी तुला एवढंच सांगितलं, पैसे पाठव आणि बारशाला ये. पाहुण्यासारखा बारशाला जाऊ नकोस. बाळ झालं की सव्वा महिना तिथेच राहा.

रजेचं मला माहीत आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बाईची प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. तुझ्यासारख्या खासगी कंपनीतल्या बापासाठी कायद्यात एक दिवसही नाही. मग साठलेली रजा काढ, उरलेली बिनपगारी काढ. निदान पंधरा दिवस तरी जा, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं की तू पाचावर येशील.

अंगणवाडीच्या कामात माझी अठ्ठावीस वर्षं गेली, त्यातली शेवटची काही मुख्यसेविका म्हणून. लोहाच्या गोळ्या, चिकाचं दूध, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हे किती बायकांना सांगितलं असेल! सतरंजीवर एकाही बापाला बसवलं नाही. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. बाळाचं वजन करते, ताप बघते, नाळ बघते. मी सोबत असले की बापाला सांगायचे, "तुम्ही जरा बाहेर थांबा." तो अंगणात चपला घालून उभा राहायचा. एका खोलीच्या घरात, नवऱ्यासमोर आणि सासऱ्यासमोर बाई अंगावरून किती जातंय हे बोलणार कशी? तेव्हा त्याला बाहेर काढणं बरोबरच होतं, आजही मी तेच करेन. पण तपासणी झाल्यावर त्याला आत बोलवायला हवं होतं, ते कधी केलं नाही.

घरातही तेच. सुनेला आई नव्हती, म्हणून बाळंतपण माझ्याकडे झालं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाची अंघोळ, सगळं मी अंगावर घेतलं. मुलगा दारातून म्हणायचा, "दे ना जरा माझ्याकडे." मी म्हणायचे, "पाडशील, जा." चौथ्या रात्री सून रडायची थांबेना. तो माझ्या खोलीत आला आणि विचारलं, "आई, ती का रडतेय?" बायको पलीकडच्या खोलीत आणि प्रश्न मला! नात आता नऊ वर्षांची आहे. तिला ताप आला की तो अजून मलाच फोन करतो. मी त्यांना विश्रांती मिळावी म्हणून केलं होतं रे.

म्हणून तू तिथे राहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उगीच रडेल, बहुतेकींना होतं तसं. शेजारी बस. दोन आठवड्यांनंतरही रडं थांबलं नाही, तर दृष्ट काढत बसू देऊ नकोस, डॉक्टरांकडे ने. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. ते बघून कुणी घाईने बाटली आणली तर आधी नर्सबाईंना विचार. रात्री दोनला पाजून झालं की बाळ तू घे, खांद्यावर उभं धर, ढेकर येईपर्यंत पाठीवरून हात फिरव. तेवढा वेळ तिला झोपू दे.

सासूबाई म्हणतील, "जावईबापू, तुम्ही कशाला?" ताट वाढून घ्यायला बसू नकोस. "मला शिकवा" म्हण. चार वेळा नको म्हणतील, पाचव्यांदा बाळ हातात देतील. आणि ते व्हायला तू तिथे असायला हवास, रविवारी दुपारी येऊन संध्याकाळी परत निघणारा नव्हे.

या रविवारी माझ्याकडे ये. येताना आईची एखादी जुनी, धुवून मऊ झालेली सुती साडी आण. लंगोट कसे फाडायचे ते दाखवते. दुपट्यात गुंडाळायला आधी उशी घेऊ. मान हाताच्या कोपरात कशी धरायची तेही त्यावरच दाखवीन.

तुझी,
काकू