इलेक्ट्रिक एअर डस्टरने कीबोर्ड खरंच साफ होतो का? की हवेचा कॅन घ्यावा?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. कीबोर्डची काही बटणं दाबली की नीट वर येत नाहीत, फटींत कचरा दिसतो, आणि स्पेसबारवर मागे कधीतरी चहा सांडला होता. चार्जिंगचा एअर डस्टर, म्हणजे जोरात हवा मारून धूळ उडवणारं हातातलं यंत्र, घेतला तर हे सगळं सुटेल का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या दोन गोष्टी सुटतील. चहाची सुटणार नाही, त्याबद्दल खाली सांगते.

माझा टायपिंगचा क्लास आहे. बावीस कॉम्प्युटर, सकाळी सातपासून बॅचेस, खोली रस्त्याला लागून आणि खिडक्या उघड्या. त्यामुळे कीबोर्ड साफ करणं हे माझं दर पंधरा दिवसांचं काम आहे. कॅन, वायरचा ब्लोअर आणि चार्जिंगचा डस्टर असं तिन्ही वापरून झालंय.

सर्वांत आधी एक समजून घ्या: वारा कचरा नाहीसा करत नाही, फक्त हलवतो. कुठे हलवायचा ते तुम्ही ठरवायचं. मी पहिल्यांदा ब्लोअर आणला तेव्हा कीबोर्ड टेबलावर सपाट ठेवला, नोझल सरळ खाली धरलं आणि पूर्ण जोरात हवा मारली. धुळीचा एवढा लोट उठला की वाटलं, सगळं निघालं. दुसऱ्या दिवशी इनस्क्रिप्टच्या (मराठी टायपिंगच्या एका कीबोर्ड-मांडणीच्या) बॅचमधली एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, जोडाक्षरच होत नाहीये.’ तिने टाइप केलेला ‘विद्यार्थी’ स्क्रीनवर ‘विदयारथी’ असा दिसत होता. इनस्क्रिप्टमध्ये हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडून जोडाक्षर करणारं चिन्ह, डी च्या बटणावर असतो. ते बटण उचकटून पाहिलं तर खालच्या खाचेत केसाला गुंडाळलेली राखाडी लोकर आणि शेवेचा एक तुकडा घट्ट बसला होता. आदल्या दिवशी ते बटण व्यवस्थित चालत होतं. वरचा कचरा मीच हवेने आत ठासला होता.

असं का होतं? ऑफिसात असतात त्या साध्या मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला खाली एक दांडी असते आणि ती प्लॅस्टिकच्या एका चौकटीत वर-खाली सरकते. तिच्या खाली रबराची टोपी, आणि टोपीखाली सर्किट छापलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ शीट. वरून सरळ हवा मारली की कण खाली आपटतात, बाहेर जायला वाट नसते, मग ते दांडीच्या बाजूच्या फटीत शिरतात. म्हणून हवेपेक्षा कोन महत्त्वाचा.

मी आता असं करते. कॉम्प्युटर बंद करून कीबोर्डची वायर काढते आणि बाल्कनीत जाते. घरात केलंत तर तीच धूळ सीपीयूच्या पंख्यात जाऊन बसेल. नाकाला मास्क किंवा रुमाल बांधते, खाली ओलं फडकं अंथरते. कीबोर्ड आधी उलटा करून पाठीवर तळहाताने थापट्या मारते. निम्मा कचरा इथेच पडतो, त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. मग तो जवळजवळ उभा धरायचा. ॲपलने आपल्या लॅपटॉपसाठी हवेने साफ करण्याची जी पद्धत दिली आहे, तीत ७५ अंशांचा कोन सांगितलाय, म्हणजे पूर्ण उभ्यापेक्षा किंचित कललेला. हवा डावीकडून उजवीकडे ओळीने मारायची, मग कीबोर्ड एका कुशीवर वळवून पुन्हा, आणि दुसऱ्या कुशीवर वळवून आणखी एकदा. साध्या कीबोर्डलाही हीच पद्धत लागू पडते. नोझल वीतभर लांबून सुरू करा, कमी वेगावर, आणि हवा तिरकी जाऊ द्या. सगळा सुटा कचरा निघाला की मगच जवळ या आणि वेग वाढवा. नोझलला मऊ ब्रश लावता येत असेल तर अवश्य लावा. नसेल तर रंगकामाचा कोरडा मऊ ब्रश एका हातात, डस्टर दुसऱ्या हातात. ब्रशने मोकळं केलेलं हवा लगेच उडवते. नुसत्या हवेपेक्षा हे कितीतरी चांगलं.

आता कॅन की डस्टर? कॅनमध्ये हवा नसतेच. दाबाखाली द्रव केलेला वायू असतो, बऱ्याच कॅनमध्ये डायफ्लुरोइथेन, आणि तो ज्वलनशील असतो. कॅन तिरका किंवा उलटा झाला तर वायूऐवजी द्रवच बाहेर येतो, बटणांवर पांढरं हिंव धरतं आणि बोटाला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. थोडा वेळ सलग दाबला की कॅन गार पडतो आणि जोर ओसरतो. शिवाय हा वायू मुद्दाम हुंगला तर हृदय बंद पडू शकतं. घरात किंवा क्लासमध्ये पोरं असतील तर कॅन कपाटात कुलपात ठेवा. बावीस कीबोर्डांना कॅन परवडतही नाही, म्हणून मी तो सोडला.

वायरचा ब्लोअर स्वस्त असतो. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दिसतो तो, साधारण पाच-सहाशे वॅटचा. जोर भरपूर, पण आवाज कान किटवणारा, आणि त्याचं तोंड कीबोर्डसाठी फार मोठं. त्याच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात आणि चालताना तिथे बारीक ठिणग्या उडतात. म्हणून स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेल्या ओल्या कीबोर्डवर तो कधीच चालवू नका. आधी हवा, मग अल्कोहोल, आणि ते आपोआप उडू द्यायचं. हा क्रम मी क्लासमधल्या मदतनीस मुलालाही पाठ करायला लावलाय.

एकट्या माणसाच्या एका-दोन कीबोर्डांना चार्जिंगचा डस्टर सर्वांत सोयीचा. हलका असतो, नोझल अरुंद असतं, वेग कमी-जास्त करता येतो. खोक्यावर एक लाख आरपीएम लिहिलेलं पाहून मात्र घेऊ नका. तो आकडा मोटर किती फिरते ते सांगतो, नोझलमधून हवा किती आणि कशी येते ते नाही. दुकानात चालवून तळहातावर हवा घेऊन पाहा, आणि वेगाचे दोन-तीन टप्पे आहेत का ते बघा. ज्या बाजूने तो हवा ओढतो तिथली जाळी दर वेळी पुसा. ती तुंबली की मोटर तापते आणि आतली धूळ नोझलमधून कीबोर्डवरच येते. मी अर्धा-एक मिनिट चालवते, थांबते, कीबोर्ड फिरवते, पुन्हा चालवते.

लॅपटॉपचा कीबोर्ड असेल तर बटणं उचकटायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या खाली कात्रीसारखी प्लॅस्टिकची बारीक यंत्रणा असते, तिचा आकडा एकदा मोडला की बटण पुन्हा धड बसत नाही. तिथे फक्त तिरकी हवा आणि ब्रश. आणि हवा मारताना लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीत नोझल खुपसू नका. पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं.

पावसाळ्यात आमच्याकडे आणखी एक त्रास असतो, लाल मुंग्या. डब्यातला चिवडा कीबोर्डवर सांडतो आणि रात्रीत मुंग्यांची रांग लागते. यावर कीटकनाशकाचा फवारा मारू नका, तो आतल्या शीटवर उतरतो. कीबोर्ड अंगणात नेऊन उलटा थापटा, डस्टरने तिरकी हवा मारा, मुंग्या निघून जातात. खाण्याचे कण निघाले की परत येत नाहीत.

आता तुमचा चहा. साखर वाळून गोंदासारखी झालेली असते, तिला वाऱ्याने काही होत नाही. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट या लांब बटणांखाली तोल सांभाळणारी तार असते. साखर बहुतेक तिथेच धरते, म्हणून बटण एका बाजूने खाली जातं आणि दुसऱ्या बाजूने अडतं. आधी मोबाइलवर कीबोर्डचा फोटो काढा, म्हणजे बटणांच्या जागा चुकणार नाहीत. मग साधा कीबोर्ड असेल तर (लॅपटॉपचा नव्हे) स्पेसबार दोन्ही टोकांकडून हळूहळू उचला, एकाच टोकाने ओढू नका. तारेचे आकडे कसे अडकवलेत ते बघून ठेवा. बटण आणि तार कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवा. खालची चौकट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेल्या कापसाच्या काडीने पुसा, थेंब खाली जाऊ देऊ नका. आणि इथे डस्टर खरा उपयोगी पडतो. धुतलेलं बटण चाळणीत ठेवा आणि दांडीच्या पोकळीत हवा मारा, अडकलेलं पाणी लगेच बाहेर येतं. केस वाळवायचं ड्रायर नको, गरम हवेने प्लॅस्टिक वाकतं. तरी एक रात्र वाळू द्या, मगच बसवा.

एवढं करून बटण मोकळं वर-खाली झालं पण अक्षर उमटलं नाही, किंवा एकदा दाबल्यावर दोनदा उमटलं, तर चहा शीटपर्यंत पोचलाय असं समजा. ऑफिसचा साधा कीबोर्ड असेल तर तो उघडण्यापेक्षा नवा घ्या, डस्टरच्या किमतीपेक्षा कमीत येईल. लॅपटॉप असेल तर आणखी काही न करता दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि चहात साखर आणि दूध होतं हे त्याला आधीच सांगा.