बाटली गिऱ्हाईकाची, पण जागा तर तुमचीच ना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाड्याकडे एका ताईंचं सावजी भोजनालय आहे, मिस्टर गेल्यापासून त्या एकट्याच चालवतात. फूड लायसन्स आहे, मनपाचा टॅक्स भरलेला आहे. मागच्या टिनाच्या शेडमध्ये गिऱ्हाईकं स्वतःची बाटली घेऊन बसायची, ताईंनी दारू एक थेंब विकली नाही. शनिवारी तिथंच कराओके लावून गाणी व्हायची. एक्साइजची, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाची, धाड पडली, चार गिऱ्हाईकं आणि ताई, सगळ्यांवर केस. आता एक जण म्हणून राहिला की कोर्टात कबूल करा, दंड भरा, मोकळ्या व्हा. दुसरा एक एजंट म्हणतो पैसे द्या, परमिट रूमचं, म्हणजे जागेवर बसून दारू पिऊ द्यायचं, लायसन्स काढून देतो. काय करू?

ताई, आधी एकच सांगतो, कबूल करायची घाई करू नका. दंड भरला की मोकळं झालो असं सगळ्यांना वाटतं, पण गुन्हा कबूल करणं म्हणजे शिक्षा झाली अशी कायमची नोंद, ती पुढे पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये निघणारच आणि उद्या खरंच लायसन्ससाठी अर्ज करायचा म्हटलं तर तीच आडवी येईल. वकिलाने कागद पाहून, सगळा विचार करून कबूल करा म्हटलं तर ती वेगळी गोष्ट, चहाच्या टपरीवर कोणी सांगितलं म्हणून नाही.

तुमचं म्हणणं की मी विकली नाही मग माझ्यावर केस कशी. खूप भोजनालयवाले, ढाबेवाले हेच विचारतात आणि त्यांना खरंच माहीत नसतं म्हणून नीट सांगतो. तुमच्यावर बहुतेक महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चं कलम ६८ लावलं असेल आणि गिऱ्हाईकांवर ८४, म्हणजे अशा जागी बसून पिण्याचं. कलम ६८ विक्रीचं नाहीच, ते जागेचं आहे. ज्या जागेत जागेवाल्याच्या फायद्यासाठी दारू पिऊ दिली जाते तिला कायदा कॉमन ड्रिंकिंग हाउस म्हणतो, आपल्या भाषेत अड्डा. फायदा म्हणजे दारूचेच पैसे असं नाही, बसायचे पैसे घेतले, ग्लास, सोडा, बर्फ, चखणा दिला आणि बिलात लावला तरी सरकारी वकील तोच फायदा म्हणून दाखवणार. आणि जागा ज्याच्या ताब्यात आहे, जो सांभाळतो, तो यात येतो. गिऱ्हाईकाच्या खिशात दारू प्यायचं परमिट असलं, वर्षाचं की आयुष्यभराचं, तरी ते त्या माणसाचं परमिट आहे, तुमच्या शेडचं नाही.

आता केस लढायची कशी, तर ती या फायद्यावरच लढायची. पंचनाम्यात काय जप्त दाखवलं ते शब्द न् शब्द वाचा. ग्लास, सोड्याच्या बाटल्या तुमच्या होत्या असं लिहिलंय का, बिलबुक नेलं का, पंच कोण होते, तिथलेच होते की एक्साइजवाल्यांनी सोबत आणलेले, जप्त बाटलीला तिथंच सील लागलं की नाही, तिचा केमिकल अॅनालिसिसचा रिपोर्ट आला का. सीसीटीव्ही असेल तर डीव्हीआरवरचं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसलं जातं, आजच पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. त्यात तुमच्या विरोधात काही दिसत असेल तरी डिलीट करू नका ताई, पुरावा नष्ट केला तर तो वेगळा गुन्हा होतो. आणि कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डची, म्हणजे रक्कम लिहून दिलेल्या हमीची, नोटीस आली तर समजल्याशिवाय सही नको, कारण नंतर त्याच शेडमध्ये एक जरी माणूस बाटली घेऊन सापडला तर बॉण्डची रक्कम जायची वेळ येते. म्हणून शेडमधलं बसणं आजपासून पूर्ण बंद, ओळखीचे असोत की जुने गिऱ्हाईक. वाईट वाटेल, चार लोक तुटतील, पण तुमच्या मागे घर आहे.

महानगरपालिकेचा टॅक्स भरतो मग अजून काय पाहिजे, हे तुम्ही दोनदा लिहिलंय. टॅक्सची पावती म्हणजे परवानगी नाही. फूड लायसन्स जेवणापुरतं. जागेवर बसून विदेशी दारू पिऊ द्यायची तर एफएल-३, म्हणजे परमिट रूम, आणि ते मनपा देत नाही, राज्य उत्पादन शुल्क विभागातून कलेक्टर देतात. मनपाचा संबंध येतो बांधकाम आणि फायरच्या कागदांसाठी, आणि खरी अडचण मला तिथंच दिसते, कारण ती टिनाची शेड मंजूर नकाशात नसणार असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय. तसं असेल तर झोन ऑफिसमधून नगररचना कायद्याची नोटीस आलीच म्हणून समजा, लायसन्स तर दूरच राहिलं. शाळा, मंदिर यांच्यापासूनचं अंतरही मोजतात.

त्या एजंटला एक रुपया देऊ नका. सरकारी फी चलानने ग्रास या सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर भरली जाते, कोणाच्या हातात कॅश देऊन नाही. आणि तो जर दुसऱ्या कोणाचं लायसन्स तुमच्या जागेत भाड्याने चालवू म्हणत असेल तर लगेच नाही म्हणा, लायसन्स ठरलेल्या नावाचं आणि ठरलेल्या जागेचं असतं, एक्साइजच्या मंजुरीशिवाय ते दुसऱ्याने किंवा दुसरीकडे चालवता येत नाही. माझं मत विचाराल तर परमिट रूमच्या मागे लागूच नका. दरवर्षी ३१ मार्चच्या आत नूतनीकरणाची मोठी फी, प्रत्येक वेटरचा नोकरनामा, म्हणजे त्याला कामावर ठेवायचा एक्साइजचा कागद, बिअरला २१ आणि व्हिस्की-रमला २५ वय पूर्ण आहे का ते गिऱ्हाईकागणिक पाहायचं, हे सगळं रात्री अकरा वाजता एकट्या बाईने सांभाळायचं. तुमच्याकडे लोक सावजी रश्श्यासाठी येतात, ते दारू बंद झाल्यावरही येतील आणि फॅमिलीवाले जास्त येतील.

कोणी वाढदिवसाला जागा मागितली आणि दारू असणार म्हटलं तर एक दिवसाचा तात्पुरता परवाना मिळतो, तो एक्साइजकडून आधी हातात आला पाहिजे, नंतर काढू चालणार नाही.

कराओकेचं वेगळं आहे. पब्लिकसाठी गाण्याचा कार्यक्रम म्हटलं की पोलीस आयुक्तालयाची परवानगी आणि लाऊडस्पीकरची लेखी परवानगी लागते. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे उघड्या जागेत रात्री १० नंतर स्पीकर बंद म्हणजे बंद, आणि रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. टिनाच्या शेडमधून आवाज किती बाहेर जातो ते शेजाऱ्यांना विचारा, मला तर वाटतं पहिली तक्रार तिथूनच गेली असेल. केस चालू आहे तोवर हेही बंद ठेवा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणालात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा, आधार, एफआयआरची कॉपी, पंचनामा, पोलिसांची किंवा कोर्टाची जी नोटीस आली असेल ती, फूड लायसन्स आणि मागच्या तीन महिन्यांची बिलबुकं घेऊन जा. तारखेच्या दोन दिवस आधी तरी जा. आणि तारखेला एकट्या जाऊ नका, भावाला नाहीतर मुलीला सोबत न्या, चार-पाच तास बाकावर बसून माणूस इतका कंटाळतो की जिथं बोट दाखवतील तिथं सही करून मोकळा होतो.