रस्ता अरुंद केल्याने वेग कमी होईल का?

प्रश्न : आमच्या वसाहतीतील नऊ मीटर रुंदीचा रस्ता सिमेंटचा झाल्यापासून जालना रोडवरील सिग्नल चुकवणारी वाहने आमच्या दारावरून सुसाट जातात. काही रहिवाशांना गतिरोधक हवेत. एका शेजाऱ्यांनी मात्र रस्ताच काही ठिकाणी अरुंद करावा, असे सुचवले आहे. ही उलटी गंगा नव्हे काय? शिवाय पाण्याचे टँकर कसे येणार?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : उलटी गंगा मुळीच नाही. फलकावर कोणताही आकडा लिहिलेला असला, तरी चालक समोर किती मोकळी जागा दिसते यावरूनच वेग ठरवतो, आणि सरळ, गुळगुळीत रस्त्यावर त्याला मोकळे रानच मिळते. तुमच्याच शहरातील मकाई दरवाजाच्या अरुंद कमानीतून ज्यांनी गाडी काढली आहे, त्यांना पलीकडून कोणी येत असेल या धास्तीने ब्रेककडे जाणारा पाय आठवेल. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे याच तत्त्वावर निवासी गल्ल्यांची रचना बदलण्यात आली आणि १९७६ मध्ये त्या देशाने अशा गल्ल्यांना कायद्यात स्थान दिले.

मात्र आपल्याकडे खरी अडचण दुचाकींची आहे. नऊ मीटरचा रस्ता काही ठिकाणी साडेपाच मीटरपर्यंत आवळला, तर तिथे समोरासमोर आलेल्या मोटारी सावकाश होतील, पण दुचाकीस्वार तेथूनही तितक्याच वेगाने निसटेल. म्हणून नुसते दोन्ही कडांनी समोरासमोर आवळून भागत नाही. कडेने रस्त्यात पुढे येणारे ओटे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे आळीपाळीने बांधल्यास वाट नागमोडी होते आणि दुचाकीलाही वळावे लागते. मधल्या एका अरुंद जागी वाहनाच्या जाण्याच्या दिशेने ३.७ मीटर लांबीचा आणि १० सेंटिमीटर उंचीचा, रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मापाचा गोलाकार गतिरोधक घालावा. रातोरात डांबर ओतून केलेले टेंगूळ घालू नये. त्याने पाठी मोडतात आणि दुचाकीस्वार कडेच्या फटीतून निघून जातातच.

टँकरची काळजी रास्त आहे. नियमानुसार वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर असल्याने टँकर किंवा अग्निशमन दलाची गाडी अडणार नाही. मात्र टँकर जिथे उभा राहतो, तिथे ओटा नको. ओटा आणि गटार यांच्यामध्ये पाणी वाहण्यास जागा ठेवावी, नाहीतर पहिल्याच वळवाच्या पावसात तक्रारी सुरू होतील. ओट्यावर झाड लावायचे असल्यास खोडालगतच्या फांद्या छाटत राहाव्यात, कारण त्यांच्याआड रस्ता ओलांडणारे मूल दिसत नाही.

कायमचे बांधकाम करण्यापूर्वी महापालिका आणि वाहतूक पोलिसांची लेखी परवानगी घेऊन महिनाभर ओट्यांच्या जागी पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिंपे ठेवून पाहावे, त्यांना रात्री चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. मोटारी लावण्याची जागा कमी होईल, आणि खरा विरोध बहुधा तिथूनच होईल. त्यामुळे ओट्यांच्या जागा ठरवताना ज्यांच्या दारासमोर ते येणार आहेत, त्या घरांना बैठकीस आवर्जून बोलवावे.