नागपूरच्या हवेत पहिला सूट शिवायचा असेल, तर कापड, माप आणि निगा यांचा विचार कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : डिसेंबरात थोरल्या भावाचे लग्न आहे, त्यानंतर नोकरीच्या मुलाखती सुरू होतील, आजवर सूट कधी अंगावर घातलेला नाही, तेव्हा तो तयार घ्यावा की शिवून घ्यावा, काळा असावा की निळा, आणि घेतल्यावर नागपुरात टिकवावा कसा. वडिलांच्या लग्नातला लोकरी कोट ट्रंकेत पडून आहे, तो तुमच्या मापाचा करून घेता येईल का, असेही शेवटी विचारले आहे.

मी शिंपी नाही, वकील आहे, आणि गेली सव्वीस वर्षे या शहरात काळा कोट घालतो. उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांत कोटाची सक्ती नसते. उच्च न्यायालयात मात्र ती सवलत नाही, त्यामुळे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतानाही आमच्या अंगावर कोट असतोच. कोट कोणता सोसतो आणि कोणता दगा देतो, हे मला पुस्तकांपेक्षा घामाने अधिक शिकवले आहे.

माझा पहिला कोट सीताबर्डीतल्या एका दुकानातून तयार घेतलेला होता. दिसायला तो झकास होता. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या छातीवर आणि लॅपलवर, म्हणजे कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीवर, पापडाला यावेत तसे फोड आले. मी धुलाईवाल्याशी भांडलो, पण दोष त्याचा नव्हता. कोटाच्या पुढच्या भागाला आकार देण्यासाठी कापडाच्या आत बकरम असते. स्वस्त कोटात ते गोंदाने, उष्णता देऊन चिकटवलेले असते. ड्रायक्लीनिंगचे द्रावण, गरम इस्त्री आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीतला ताप यांनी तो गोंद जागोजागी सुटतो आणि कापड वेगळे होऊन फुगते. असे फोड दुरुस्त होत नाहीत. चांगल्या कोटात चिकटवलेल्या बकरमाऐवजी कॅनव्हास असतो, म्हणजे घोड्याचे केस मिसळून विणलेले जाडसर कापड, आणि ते टाक्यांनी जोडलेले असते. खात्री करायची सोपी रीत आहे. सर्वांत खालच्या काजाच्या जरा खाली पुढचे आणि मागचे कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच विलग करावे. मध्ये तिसरा, सुटा थर बोटांना जाणवला तर कॅनव्हास आहे, आणि बाहेरचेच कापड पुठ्ठ्यासारखे ताठ लागले तर ते चिकटवलेले आहे. पूर्ण कॅनव्हास परवडत नसेल, तर निदान छाती आणि लॅपल यांपुरता तरी तो मागावा. सुटाच्या खर्चात कुठे हात सैल सोडायचा असेल तर तो इथे आणि कापडावर सोडावा. दुकानाच्या नावावर नव्हे.

आता कापड. ज्या शहरात १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि ज्याच्या भोवतीचा सारा मुलूख कापसावर जगतो, तिथे बसून लोकरीची शिफारस करणे विचित्र वाटेल, पण मी तीच करतो. लोकर म्हटले की आपल्याला स्वेटर आठवते आणि अंगाला आताच चटके बसू लागतात. परंतु स्वेटरची ऊब त्याच्या जाड, फुगीर विणीत अडकलेल्या हवेमुळे असते. तोच तंतू पिळदार, बारीक सुतात कातून साध्या, विरळ विणीत विणला की हवा आरपार जाते, आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. पॉलिस्टर ओलावा जवळपास शोषतच नाही. घाम आत कोंडतो आणि शर्ट पाठीला चिकटतो. आपल्याकडचा मे महिना कोरडा असल्यामुळे हा फरक मुंबईपेक्षा नागपुरात जास्त कळतो. घरातल्या कूलरच्या ओल्या ताटीतून वारा गेला की खोली गार होते. विरळ विणीची लोकर अंगावर थोडेफार तेच काम करते. सुती सूट हवेशीर असतो, पण तो दुपारपर्यंत कोपरांना आणि गुडघ्यांना चुरगळून पिशवीसारखा होतो, आणि मुलाखतीत ते बरे दिसत नाही. लिननचेही तसेच. भंडाऱ्याकडचा कोसा मला फार प्रिय आहे, मात्र तो बंडीला आणि कुर्त्याला शोभतो. पहिल्या सुटाला नको.

दुकानदार ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ असे आकडे सांगेल. तो आकडा तंतूच्या बारीकपणाचा आहे, टिकाऊपणाचा नाही. सुपर १०० चा तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन जाडीचा असतो, सुपर १२० चा १७.७५. आकडा वाढतो तसे कापड मऊ होते आणि लवकर घासतेही. बाइकवर बसून कामाला जाणाऱ्या माणसाने सुपर १२० च्या वर जाऊ नये, त्याची पँट बैठकीला वर्षभरात चमकू लागेल. वजन दर चौरस मीटरला २२० ते २६० ग्रॅम असावे. दुकानात कधी चौरस मीटरचे वजन सांगतात, कधी धावत्या मीटरचे. पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, दीड मीटर असल्यामुळे दुसरा आकडा पहिल्याच्या दीडपट येतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे गोंधळ होत नाही. याहून हलके कापड अंगावर लोंबते आणि चुरगळते. टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेली लोकर, बजेट कमी असेल तर चालते, पण निम्म्याहून अधिक लोकर असलेलीच घ्यावी. शंका आली तर काठाचा एक धागा जाळून पाहावा : लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दोन कपड्यांच्या सुटाला साधारण सव्वातीन मीटर कापड लागते. कोटाला पाठीत पूर्ण अस्तर लावू देऊ नका, अर्धे पुरते. ते साध्या पॉलिस्टरचे नको, व्हिस्कोसचे मागा. चांगल्या लोकरीला पॉलिस्टरचे अस्तर लावणे म्हणजे खिडकी उघडून तिच्यावर प्लॅस्टिक ताणण्यासारखे आहे.

तयार की शिवलेला, याचे उत्तर तुमच्या शरीरावर आहे. तयार सुटात छाती आणि कंबर यांत सहसा सहा इंचांचा फरक धरलेला असतो, म्हणजे छाती ४० तर पँटची कंबर ३४. तुमचा बांधा तसा असेल आणि खांदे नीट बसत असतील, तर तयार सूट घेऊन बाकीचे आल्टर करावे. पोट थोडे पुढे असेल किंवा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असेल (माझा उजवा आहे, फायलींच्या कृपेने), तर शिवूनच घ्यावा. गांधीबाग आणि इतवारी भागात कापड मुबलक मिळते. मास्टर मात्र त्याने शिवलेला कोट कोणाच्या तरी अंगावर पाहूनच निवडावा. आणि दसऱ्याच्या आधी जावे. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते, मास्टरच्या दुकानात गठ्ठ्यांचे डोंगर होतात, आणि ‘ट्रायल’ म्हणजे तयार कोट घालून आरशात पाहणे एवढाच अर्थ उरतो. खरी ट्रायल कच्च्या टाक्यांवर, बाह्या पक्क्या होण्याआधी होते. अशा दोन ट्रायल मिळणार नसतील तर त्या दुकानातून परत यावे.

ट्रायलच्या वेळी आधी खांदा पाहावा, कारण तो बिघडला तर पुढे काहीच सुधारत नाही. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. भिंतीला कडेने टेकून उभे राहा. दंड टेकण्याआधी कोटाचे पॅड भिंतीला लागले तर खांदा मोठा आहे. दंडाच्या वर, शिवणीखाली खळगा पडला तरीही तो मोठाच आहे. त्यानंतर मुंढा, म्हणजे बाही जिथे कोटाला जोडतात ती काखेची गोलाई. याबाबत मास्टर लोकांशी माझे वर्षानुवर्षे वाद झाले आहेत, कारण बहुतेकांना वाटते की काखेत जागा सोडली म्हणजे हात मोकळा होतो. प्रत्यक्षात उलट घडते. मुंढा खोल असला की हात उचलताच संपूर्ण कोट वर ओढला जातो आणि कॉलर मानेपासून सुटते. मुंढा काखेजवळ, वर असला की फक्त बाही हलते, कोट जागच्या जागी राहतो. न्यायालयात हात वर करून बोलणाऱ्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कळते. मला एका म्हाताऱ्या मास्टरने सांगितले होते, ‘‘साहेब, काखेत चिमूटभर टोचलं पाहिजे, चार दिवसांत विसरून जाल.’’ ते खरे ठरले. मुंढा मागाहून खोल करता येतो, वर नेता येत नाही. म्हणून ट्रायलला तो जरा घट्टच वाटलेला बरा.

बाकीचे लवकर सांगतो. कॉलर मानेला चिकटून असावी आणि शर्टाची कॉलर मागे बोटभर दिसावी. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर कोट घट्ट आहे. दोन बटणांपैकी खालचे कधीच लावायचे नसते. लांबी बैठक झाकेल इतकी हवी. हल्लीचे आखूड कोट दोन वर्षांनी तुम्हालाच नकोसे होतील. बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी आणि शर्टाचा कफ तिच्या खाली सेंटीमीटरभर दिसावा. पँट कमरेच्या हाडावर घसरती न ठेवता थोडी वर बांधा, मोहरी, म्हणजे पँटची पायाशी असलेली रुंदी, आठ इंचांच्या आसपास ठेवा, आणि आत दीड इंच मार्जिन सोडायला सांगा. नोकरी लागल्यावर पोट कुठे जाते ते मला ठाऊक आहे.

रंग गडद निळा, ज्याला नेव्ही म्हणतात तो घ्या, राखाडीही उत्तम. काळा मुळीच नको. दिवसाच्या उजेडात काळा रंग निस्तेज दिसतो, त्यावर धूळ उठून दिसते, आणि नागपुरात त्याला आणखी एक अर्थ आहे : मी एकदा काळा सूट घालून लग्नाला गेलो, तेव्हा मांडवात दोघांनी मला आपापल्या शेतीच्या केसची पुढची तारीख विचारली. निळा कोट पुढे राखाडी पँटवर वेगळाही घालता येतो.

निगेबाबत पहिली गोष्ट म्हणजे सूट धुलाईला कमी द्यावा. ड्रायक्लीनिंगमध्ये मळाबरोबर लोकरीची स्वाभाविक स्निग्धताही जाते, आणि त्यानंतरची दाबून केलेली इस्त्री कापडाला चकाकी आणते. मी रोज वापरूनही वर्षाला दोनदा देतो. तुम्हाला एकदा पुरे, तेही उन्हाळ्यासाठी ठेवून देण्यापूर्वी. रोजचा उपाय म्हणजे ब्रश. घरी आल्यावर कोट रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर टांगावा, वरून खाली ब्रश फिरवावा, रात्रभर कपाटाबाहेर ठेवावा आणि सलग दोन दिवस घालू नये. सुरकुत्या बऱ्याचशा आपोआप उतरतात. इस्त्री करावीच लागली तर मध्ये ओलसर सुती फडके हवे.

लग्नात दोन शत्रू भेटतील. पहिली हळद. तिचा डाग साबणाने धुतला की क्षारामुळे लाल होतो आणि माणूस घाबरून आणखी चोळतो; सुती शर्ट असेल तर धुऊन कडक उन्हात टाकावा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. कोटावर पडली तर काही न लावता धुलाईवाल्याला डाग दाखवून द्यावा. दुसरी शत्रू म्हणजे सावजी रस्स्याची तर्री. तेल दिसताच पुसू नका, टिपून घ्या, वर टाल्कम पावडर दाबून ठेवा आणि तासाभराने झटका.

कोट ठेवण्याची जागा हा नागपुरातला वेगळाच प्रश्न आहे. ज्या खोलीत कूलर लावता त्या खोलीतल्या कपाटात लोकर ठेवू नका. बाहेर रखरखीत ऊन असले तरी त्या खोलीत चार महिने दमटपणा असतो, आणि लगेच पावसाळा लागतो. माझ्या एका राखाडी कोटाला बुरशी जुलैत नव्हे, मे महिन्यातच आली होती. धुलाईवाल्याची प्लॅस्टिकची पिशवी घरी येताच काढावी आणि जुन्या सुती चादरीची खोळ शिवून घालावी. कसर लागते ती अळीमुळे, आणि अळी घामट, डाग पडलेल्या लोकरीवर आधी बसते. म्हणून कोट ठेवण्यापूर्वी स्वच्छ असणे डांबराच्या गोळ्यांपेक्षा महत्त्वाचे आहे. गोळ्या ठेवायच्याच तर फडक्यात बांधून, कापडाला न लागतील अशा.

राहिला वडिलांचा कोट. तो आधी खिडकीसमोर उजेडात धरून पाहा. टाचणीएवढी छिद्रे दिसली तर कसर लागलेली आहे, आणि दोन-चार छिद्रे असतील तर रफू होते, चाळण झाली असेल तर नाही. त्या काळच्या चांगल्या मास्टरने शिवला असेल तर आत हाताने टाकलेला कॅनव्हास असण्याची बरीच शक्यता आहे, म्हणजे तुमच्या नव्या कोटापेक्षा तो आतून सरस निघू शकतो. घालून वर सांगितलेली भिंतीची परीक्षा करा. खांदा बसला तर कंबर आत घेणे, बाही कमी-जास्त करणे, अस्तर बदलणे ही सगळी कामे होतात, आणि मग नवा सूट मुलाखतीपर्यंत पुढे ढकलता येईल. खांदा दोन बोटे बाहेर गेला तर त्याला कात्री लावू देऊ नका. नुसता ड्रायक्लीन करून, नवे अस्तर घालून वडिलांनाच द्या. थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांनाही काहीतरी घालावे लागणारच आहे.